ऊर्फ न लिहिता

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

मी, श्रीमती पद्मजा रघुनाथ सोहोनी, वय अडुसष्ट, शिक्षण मॅट्रिक, काम घर सांभाळणे, राहणार मांडवी, रत्नागिरी, माझ्यामागे काय व्हावे ते आज स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून गळही घातलेली नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझी अपत्ये दोन. थोरला चि. सलिल, राहणार बोरिवली. धाकटी कन्या कु. उर्वी, राहणार माझ्याजवळ. जन्माच्या नोंदीत आणि शाळेच्या दाखल्यावर या कन्येचे नाव मुकुल व लिंग पुरुष असे आहे. नोंद करताना आम्हाला जेवढे दिसले तेवढे लिहिले. १९९८ सालापासून ती उर्वी आहे.

वकील गद्रे म्हणाले, "काकू, 'मुकुल ऊर्फ उर्वी' लिहा, सोपे पडेल." मी म्हटले, ऊर्फ पेपरात पाकीटमारांच्या नावात असते, माझ्या मुलीच्या नावात नको. ते हसले, पण मग गंभीर होऊन म्हणाले, "उर्वी कोण, हे कोर्टाला कसे कळणार?" म्हणून तिच्या कारखान्याच्या ओळखपत्राची प्रत सोबत टाचली आहे. त्यावर फोटो, उर्वी रघुनाथ सोहोनी हे नाव, आणि लिंग स्त्री असे छापलेले आहे. सरकारी कागद अजून एकही नाही. हे ओळखपत्र तिने भांडून मिळवलेले आहे.

२. मांडवीचे घर ह्यांनी १९७४ साली माझ्या नावे घेतले. हे कोर्टात कारकून होते, त्यामुळे खरेदीखत चोख आहे. हे घर, परसातली विहीर व नारळ, सर्व माझी कन्या उर्वी हिला देते. तिने राहावे, आणि समोरच्या पडवीत तिचे काम चालू ठेवावे.

सलिलला हे मान्य नाही. दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, "आई, मुकुल म्हणून लिही, मी आडवा येणार नाही. मुलगी म्हणून लिहिलेस तर कोर्टात जाईन. अशी कोणी बहीण मला नाही." मी विचारले, घर गेले तरी चालेल, नाव नको, असे का? तर म्हणाला, "लोकांना काय सांगू?" इथे लॉज बांधायचे त्याच्या मनात होते, तेही मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी तो लॉजचे बोलत नव्हता.

३. पडवीत काय काम चालते, ते ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी लिहिते.

उर्वी बी.कॉम. झाली आणि बंदराजवळच्या मासळी गोठवण्याच्या कारखान्यात हिशेबाला लागली. आमच्याकडे कांदासुद्धा चातुर्मासात बंद, त्यामुळे नातलगांनी तेव्हाच नाके मुरडली होती. हे गेल्यावर दोन वर्षांनी ती एके सकाळी साडी नेसून निघाली. निऱ्या लोळत होत्या, मी दारात थांबवून नीट खोचून दिल्या. कारखान्यातला साहेब म्हणाला, "ही नाटक कंपनी नाही." नोकरी तेव्हा गेली नाही, पण पुरुषांच्या संडासात गेली की बाहेरून कडी, आणि बायकांच्या संडासाला मनाई.

मी भरून दिलेली पाण्याची बाटली संध्याकाळी तशीच परत यायची. विचारले, तिथले पाणी गार असते का? म्हणाली, "आई, प्यायले की जावे लागते. कुठे जाऊ?" पुढे मूत्रपिंडाचे दुखणे झाले, ते अजून आहे.

कोळंबी सोलणारी मथुरा भाटकर एक दिवस तिला बायकांच्या संडासाकडे नेत म्हणाली, "चल गो माज्यावांगडा. मी दारात उबी ऱ्हातंय, बगू कोन काय बोलता." त्यावरून दोघींना काढून टाकले. मथुरेचा काय गुन्हा, तर दारात उभी राहिली.

उर्वीने कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज केला तो दोघींचा एकत्र. लिहिता लिहिता तिला कळले की सोलणाऱ्या बायकांनाही दिवसभरात उठू देत नाहीत. मग अर्जात तेही घातले, सोलताना हातमोजे देत नाहीत हेही घातले. साहेबाचा वकील म्हणाला, "तुमचे स्वतःचे एवढे विचित्र प्रकरण, त्यात ह्या बायका कशाला?" ती म्हणाली, "त्यांचे आणि माझे दार एकच आहे." २००१ साली तडजोड झाली. दोघी कामावर, बायकांना उठायला मधली सुटी, आणि ते ओळखपत्र.

तेव्हापासून खेड, संगमेश्वर, पार कोल्हापूरहून माणसे पडवीत येतात. कोणी तिच्यासारखी, कोणाला गरोदर म्हणून काढलेले, कोणाला हाताला पांढरे डाग म्हणून. ती अर्ज लिहिते, सोबत जाते, मालकाशी शांतपणे बोलते. मी चहा करते. साखर बेतानेच.

४. सड्यावरची आंब्याची कलमे व देव्हारा मी हयातीतच सलिलला दिला आहे. या पत्राने त्याला काहीही मिळत नाही. रागाने नव्हे. कारण शेवटी लिहिते.

५. माझ्या बांगड्या व नऊवारी उर्वीला. शिलाईचे यंत्र मथुरेच्या सुनेला मागच्या महिन्यातच दिले. गोदावन्सं, म्हणजे ह्यांच्या बहीण, हळदीकुंकवाला उर्वीसमोर करंडा धरून म्हणाल्या होत्या, "हिला कुंकू लावू की टिळा?" त्यांना माझे काहीही देऊ नये. तेराव्याला मात्र जेवायला बोलवावे आणि वाढताना हात आखडू नये.

६. अग्नी सलिलने द्यावा, तो थोरला आहे. उर्वीने स्मशानात यावे की घरी बायकांत थांबावे हे तिचे ती ठरवील. कोणी तिच्यापुढे धोतर धरू नये. दिवस साधेपणाने करावेत. त्यातून पैसे उरतील ते गणपतीपुळ्याला अन्नदानाला द्यावेत.

७. हे कोर्टातून आले की नेहमी म्हणत, ज्याला मिळते त्याने साक्ष करू नये. म्हणून सलिलला यात काही ठेवलेले नाही. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, ते आज समोर आहेत. उद्या सलिल येणार आहे. तेव्हा हेच पत्र त्याच्यासमोर पुन्हा वाचीन आणि सही माझीच आहे असे सांगेन. तिसरी ओळ त्याची आहे. नाते मी लिहून ठेवले आहे, सही त्याने करायची. केली नाही तरी पत्र पक्केच.

ठिकाण: मांडवी, रत्नागिरी
दिनांक: १२ फेब्रुवारी २००६

सही: पद्मजा रघुनाथ सोहोनी

साक्षीदार, ज्यांच्यादेखत वरील सही झाली किंवा लिहिणारीने ती कबूल केली, व ज्यांनी लिहिणारीसमोर आपली सही केली:

१. डॉ. स्वरूप केळकर. नाते: घरचे डॉक्टर.

२. मथुरा जयवंत भाटकर. नाते: उर्वीबरोबर कामाला.

३. ____________ सलिल रघुनाथ सोहोनी. नाते: उर्वीचा भाऊ.