माहे एक्केचाळीस भाऊ

३ नोव्हेंबर, सकाळ
तारीख टीव्हीवाल्या बाईनं सांगितली. चुकली असेल तं तिची.

आजपासून रोजनिशी. शिकलेले लोक लिहितात, मी बोलते. अक्षरांची आणि माही ओळख झाली नाही; नुकसान त्यांचंच. लाल बटण दाबलं का फोन ऐकते. मधात तोंड घालत नाही, कोणाले सांगत नाही. घरात असा दुसरा माणूस नाही.

फोन नातीनं दिला. प्रीती, माह्या पोराची पोरगी. ती पीएचडी करून राहिली. कापूस वेचताना बाया गायच्या, त्या गाण्यांवर. मी फोनमधी गायचं, फोनमधून ते तिच्या कम्प्युटरमधी जाते, कम्प्युटर लिहून काढते आणि कोणतं गाणं कोणासारखं ते ताडून पाहते. तिचे प्रेमानंद सर म्हणे, पाच डिसेंबरले कमिटी बसणार. तोवर शंभर गाणी जमली नाही तं विषय बदला. दोन वर्षांची मेहनत पाण्यात.

मी म्हटलं, शंभर? दीडशे घे. सावनेरकडच्या वावरात बारा वर्षं ओटी बांधून कापूस वेचला. आमची बोटं थांबली, तोंड नाही.

संकल्प दोन. रोज दहा गाणी. चहात साखर बंद.

४ नोव्हेंबर
चार गाणी झाली. माह्यासारखं गाणारं आता कोणी राहिलं नाही, हे मी म्हणत नाही, फोनमधी माहाच आवाज ऐकला तेव्हा समजलं. बाकीची जिभेवर आहेत. नव्या कवळीमुळे अडकली.
चहा साखरेचाच घेतला. गळ्यासाठी.

६ नोव्हेंबर
आराम. आवाजाले विसावा पायजे.

७ नोव्हेंबर
कालचाच आराम, पुढं चालू.

९ नोव्हेंबर, दुपार
प्रीती विचारते, सक्करदऱ्याच्या अंजनाबाईकडे जाऊ का. अंजना माह्या जोडीची, एकाच तासात, म्हणजे कापसाच्या एकाच ओळीत, वेचायचो. मी म्हटलं, काहून? तिले तीन गाणी येतात, त्यातलं दीड खोकला. पोट्टी हसली, पण तोंड उतरलेलंच. दोन वर्षं उन्हातान्हात गावोगाव फिरली, गाणं आठवणारी बाई भेटली नाही, आणि फोनमधी माही चारच गाणी. मले पाहवलं नाही. म्हटलं, मी जिवंत आहे तोवर तुले कोणाच्या दारात जावं लागणार नाही.
शब्द दिला. आता गाणी आली का झालं.

१० नोव्हेंबर
उपाय सापडला. अगदी घरातच होता.
आमच्या गाण्यात भावाचं नाव घालतातच. रीतच तशी आहे. मी गायची:

फुटलं फुटलं बोंड, पांढरं झालं रान
माहा गोविंदा भाऊ, पागोट्याचा त्याले मान

गोविंदा मोठा भाऊ. पण धाकटा रामाजीही आहे, त्याच्यावर अन्याय काहून? झालं दुसरं गाणं. मंग चुलत झाले, मावस झाले. गावातले सगळे भाऊच असतात. हे खोटं नाही, हा मानपान आहे. कोणी सुटला तं रुसते.
एका दुपारी एकोणीस गाणी.

१५ नोव्हेंबर
बासष्ट झाली. सून माया मेथी निवडता निवडता म्हणे, आई, हे तं कालचंच. मी म्हटलं, काल मनोहरराव होता, आज बंटी आहे. नीट ऐकत जा वं. तं म्हणे, बंटी समोरच्यांचा कुत्रा आहे.
तोही राखणच करते. भाऊ आणखी काय करते?
माया शिकलेली आहे, पण कलेतलं तिले समजत नाही.

१९ नोव्हेंबर
आज कॉलेजात शिकवून आली. प्रीती शिकवते त्या वर्गात वीसेक पोरंपोरी. हरेकाच्या पुढं माही दोन-दोन गाणी, कानात वायर घालून ऐकायची, आणि त्यातला भाऊ कोणत्या गावचा ते नकाशावर टोचायचं. रितिका नावाच्या पोट्टीनं विचारलं, आजी, हा मनोहरराव कुठला? मले काय माहीत. म्हटलं, बुटीबोरीचा. तिनं बुटीबोरीवर लाल ठिपका दिला. मंग सगळेच विचाराले लागले, आणि मी कोणालेच रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. तास संपला तेव्हा नकाशाले गोवर निघालेला.
मोजले. एक्केचाळीस भाऊ. माहा बाप असता तं त्याले अभिमान वाटला असता. आईले चक्कर आली असती.
पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी प्रोफेसरच व्हायची. तेवढी अक्षरं मधात आली.

२४ नोव्हेंबर
एकशे चार. शब्द पुरा केला, वर चार. पेढा खाल्ला. एक. मंग त्याच्या जोडीले एक.

२८ नोव्हेंबर, संध्याकाळ
प्रीतीनं कम्प्युटरमधलं चित्र दाखवलं. हरेक गाण्याचा एक ठिपका. सारखी असली तं जवळ, वेगळी असली तं दूर. माही गाणी जवळपास सगळी एकाच जागी, एकावर एक. मोठ्ठा, ठसठशीत ठिपका, सणाच्या टिकलीसारखा. दूर कोपऱ्यात काही बारके ठिपके पांगलेले, एकाचा एकाले पत्ता नाही. मी विचारलं, ते कोणाचे, अंजनाचे? ती म्हणे, नाही, तेही तुह्याच फोनातून आले, ऐकून पाहते.
मले चित्र लगेच समजलं. माही एकजूट आहे. बाकी सगळं विखुरलेलं.
प्रीती हसली नाही. कम्प्युटर मिटला आणि हळूच म्हणाली, "आजी, तुह्या वावरात साहिल कोण होता वं?"
मी म्हटलं, होता एक.
"गॅसचं सिलिंडर आणते तो?"
मी म्हटलं, चहा ठेव.

३० नोव्हेंबर
हे फक्त तुलेच सांगते फोना. गाणी चारच आहेत.
आठवून पाहाले मी कमी केलं नाही. चाल येते, पहिला शब्द येते, आणि मंग अंजनाचा आवाज येते. ती गायची, मी मागून उचलून धरायची. बारा वर्षं तसंच. मले वाटलं मीच गात होती. म्हणजे पाहिलं तं अर्धी माहीच. तिच्याकडं ठेवाले दिली असं समज.
आता प्रीतीले कोणत्या तोंडानं सांगू? सांगणारच नाही. कमिटीतले लोक शहाणे असतात, म्हाताऱ्या बाईच्या भावांवर शंका घेत नाहीत. मी सगळा विचार केलेला आहे.

१ डिसेंबर
पोट्टी सकाळीच सक्करदऱ्याले गेली. मले सांगितलंसुद्धा नाही, मायाकडून समजलं. एका घरात राहून अशी लपवाछपवी. मी कधी केली का?

३ डिसेंबर
आजही तिकडंच. अंजनाले इतका वेळ खोकाले पुरते कसं?

५ डिसेंबर
कमिटी झाली. मी जरीकाठाचं लुगडं नेसून मागच्या बाकावर बसली. विचारलंच तं सांगाले भावांची नावं पाठ करून गेली होती.
कोणी विचारलं नाही. प्रीतीनं उभी राहून स्वतःच सांगितलं. अंजनाबाईची गाणी त्रेसष्ट. माह्या आजीची चार. मंग तो ठसठशीत ठिपका भिंतीवर दाखवला आणि म्हणे, ही बाकीची शंभर म्हणजे एकच गाणं, भाऊ बदलत गेलेलं. नाव बदललं का आमच्या बायांले गाणं नवं वाटते, यावर मी एक प्रकरण लिहून राहिली. साहेब लोक हसले. बंटीवर जरा जास्तच. शंभर काही भरली नाही, पण सहा महिने वाढवून दिले. विषय राहिला.
पोट्टीचे खांदे खाली आले तेव्हा मले समजलं, महिनाभर ते वर होते.
रिक्षात मी विचारलं, चारच हे तुले कोणी सांगितलं? ती म्हणे, तूच. ते कोपऱ्यातले बारके ठिपके म्हणजे ही रोजनिशी. लाल बटण एकच आहे. गाणी आणि हे, सगळं एकाच पेटीत जाऊन राहिलं होतं.
मंग म्हणे, अंजनाबाईनं निरोप दिला आहे. गाणी आणखी आहेत, पण मागून उचलाले कोणी नाही, तं उद्या येजो म्हणा.
जाईन. गळा बसला नसला तं.
गाणी चार. भाऊ दोन. कुत्रा एक.
प्रीती, ऐकून राहिली असशील तं चहा ठेव वं. साखर किती, ते आता तुले माहीतच आहे.