दादाची टिकटिक

४ फेब्रुवारी
दादाच्या हृदयात चार खोल्या आहेत आणि एकीचं दार नीट लागत नाही. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं. उजवीकडचं रक्त फुप्फुसात जातं, हवा घेऊन डावीकडे येतं, तिथून सगळ्या अंगभर. दार लागलं नाही की पुढे ढकललेलं रक्त परत मागे. मी म्हटलं, म्हणजे पंपाचा व्हॉल्व्ह जातो तसं. बाबा बघतच राहिले. आमचं पंपदुरुस्तीचं दुकान, आणि मी विज्ञानात कायम गटांगळ्या खाणारी.
"तसंच. नवा बसवू, धातूचा," डॉक्टर म्हणाले.
दादा म्हणाला, "गॅरंटी किती?" कोणी हसलं नाही. मी हसले.

१ मार्च
दादा घरी आला. वाजतो! खोली शांत असली की छातीतून टिक टिक. झडप मिटल्याचा आवाज. मी म्हटलं, "चोरीचा धंदा बुडाला तुझा."
"हसवू नकोस माकडा, टाके ओढतात."
झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी. जन्मभर.

९ मार्च
आई दुपारी मधलं दार उघडं ठेवून आडवी होते. टिकटिक ऐकली की तिला झोप लागते.
आज दादा आंघोळीला गेला तसं मी त्याच्या खाटेवर पांघरूण घेतलं आणि बटणाचं पेन दाबत बसले. टिक टिक. मग मध्येच थांबले — गंमत. आई धावत आली, पांढरीफटक. पांघरूण ओढलं तर खाली मी. मारलं नाही. पेन काढून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसली.
दादा ओल्या डोक्यानं म्हणाला, "माझी कर काय थट्टा करायची ती. तिच्या कानाशी नको."

२० मे
दादा पुन्हा दुकानात जातो. आज पत्र्यानं अंगठा कापला. रक्त थांबेना, फडकी भिजली. बाबा म्हणाले, "गळती काढायची तर आधी वरची लाइन बंद करायची. जखम भरेपर्यंत गोळी नको घेऊस."
दादानं ऐकलं. मलाही पटलं. आमच्या घरात कोणाला पटणार नाही?

२५ मे
अंगठ्याची जखम सुकली. बाबा खूश.

२६ मे
आई सकाळपासून म्हणतेय, आज नीट वाजत नाही, दबकं येतंय. माझ्याकडे रोखून बघितलं. "तू काही करतेयस का?"
मी रिकामे हात दाखवले. म्हटलं, तुझे कान साफ कर.
संध्याकाळी दादाला धाप लागली. जिना उतरवता उतरवता ओठ निळे.

२७ मे
झडपेवर रक्त गोठलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी कोणी बंद केली?
बाबा म्हणाले, "मी."
दादा गेला.

१५ जून
दुकान बंद. कोणीतरी शटरपाशी पंप ठेवून गेलंय. बाबा त्याच्याकडे बघून परत घरी आले. त्यांना काय सांगू? मलाही तेव्हा पटलंच होतं.
आई झोपत नाही. मधलं दार उघडंच असतं. मी इतक्या दिवसांत कोणाची खोडी काढली नाही, कोणाच्या लक्षातही आलं नाही.

१९ जून
दुपारी आईनं उशीखालून पेन काढून मला दिलं.
"त्याच्या खाटेवर बस," म्हणाली. "आणि मध्येच थांबू नकोस."