नदीकडची वाट मी दिली नाही

आबा, तुमच्या लेकाला, माझ्या धाकट्या भावाला, काल मी माझ्या रानातनं वाट दिली नाही. या मुलखात त्याला कुणी नाही म्हणत नाही. मी म्हटलं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुमच्यापर्यंत जायच्या आधी माझ्याकडनंच कळावं म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेलात तेव्हा मला अक्षर ओळखता येत नव्हतं. मालक मुंबईला गोदीत कामाला, त्यांची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा आणि नको तिथं थांबून हसायचा. त्याचं हसणं बंद करायचं म्हणून पोरांच्या पाटीवर मी बाराखडी गिरवली. तेव्हा ओळी वाकड्या गेल्या तर राग धरू नका, मेंढरंसुद्धा कुठं सरळ चालतात!

कोरेगावकडचा तो मळा तुम्हाला आठवत असेल. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून आपण माणदेशातनं खाली उतरायचो, बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायचो, रानाला खत मिळायचं आणि आपल्याला धान्य आणि पाणी. त्या वर्षी त्या मळेवाल्यानं मेंढरं बसवून घेतली, सगळं रान खतावून घेतलं, आणि पाण्याची वेळ आली तेव्हा म्हणाला, उसाला पुरत नाही, तुमच्या जनावरांना कुठनं देऊ? मला ती विहीर अजून दिसते. इंजिन धडधडतंय, पाट भरून वाहतोय, आणि आपली मेंढरं जिभा काढून बांधाला उभी आहेत. तुम्ही हात जोडताय. आणि तुमचा लेक, नुकतं मिसरूड फुटलेला, तुमच्या मागनं पुढं येतो, कुऱ्हाड इंजिनाच्या पट्ट्यावर धरतो आणि म्हणतो, "पानी सोडतुस का पट्टा तोडू? आन् पट्ट्यावर भागलं न्हाई तर तुझ्या पायावर येतो." मळेवाल्याच्या तोंडाचा रंग उडाला. मेंढरं पाणी प्याली.

बिऱ्हाडावर आल्यावर तुम्ही त्याच्या पाठीवर थाप मारलीत, "शाब्बास रं माझ्या वाघा," म्हणालात, आणि अंगावरची घोंगडी काढून त्याला दिलीत. मी म्हटलं, "आबा, मळेवाल्याची बायकू लय भ्याली हुती. कडंवर लेकरू हुतं तिच्या." तुम्ही माझ्यावर खेकसलात, "तू गप गं. पान्याच्या भांडनात बाईमानसानं तोंड घालायचं न्हाई. मेंढरं प्याली का न्हाई?" प्याली, आबा. तहानेला मी नावं ठेवत नाही. पाणी आपल्या हक्काचं होतं, हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी तोच मळेवाला गुळाची ढेप घेऊन वाकत वाकत आला, ती काही आपल्या हक्काची नव्हती. ती तुम्ही ठेवून घेतलीत. भ्यालेला माणूस मागितल्यापेक्षा जास्त देतो, हे पोराला त्या गुळानं शिकवलं. ती चव त्याच्या जिभेवरनं पुन्हा गेली नाही.

पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत. त्यानं मेंढरं विकली आणि नदीतली वाळू सांगलीला पोचवायला लागला. आधी एक ट्रॅक्टर होता, मग डंपर आले, मग डंपरपुढं चालायला गाड्या आल्या. मग भांडणं त्याच्या दारात यायला लागली. बांधाचं असो, नवराबायकोचं असो, निवाडा शेठच्या ओसरीवर. हो, शेठ म्हणतात त्याला. चौकात त्याचा फोटो असा टांगतात की खालनं जाणाऱ्यानं मान वर केलीच पाहिजे. वरच्या वस्तीवरच्या एका मास्तरांनी डंपर अडवला, तर त्यांचा पाय मोडला. कुणी मोडला ते पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे. पण मास्तर स्वतःच सांगतात, जिन्यावरनं पडलो. आबा, मास्तरांचं घर पत्र्याचं आहे, जिना कुठला आला!

तुम्ही म्हणाल, मोठा झाला नव्हं पोरगा. झाला. मोठेपण कसलं ते बघा. परवाच्या साली त्याला हौस आली आणि बापाच्या नावानं त्यानं पुन्हा मेंढरं घेतली, राखायला गडी ठेवला. लोकर कातरायची वेळ आली. आपल्यात कातरणीला मजुरी नसते, सावड असते. ज्याच्या त्याच्या दाराला ज्यानं त्यानं आपली कातर घेऊन जायचं, आज तुझी, उद्या माझी, आणि ज्याच्या दारात काम त्यानं मटणाचं जेवण घालायचं. कातरणी म्हणजे चेष्टेला ऊत. कुणाच्या मेंढ्याला टक्कल पडलं, कुणाच्या सासऱ्याला. शेठनं सांगावा धाडला आणि झाडून सगळी वस्ती गेली. मीही गेले, भाकरी थापायला. मेंढरांचे पाय बांधले, कातरी चालू झाल्या, आणि आबा, कातरीशिवाय दुसरा आवाज नाही! कुणी कुणाला चिमटा काढत नाही, कुणी तंबाखू मागत नाही. जेवायला बसा म्हटलं तर एक म्हणाला, उपास हाय. दुसरा म्हणाला, माझाबी. तुमचा लेक पातेल्यापाशी उभा. "सगळ्यांचाच उपास?" आपल्या शेजारचे म्हातारबा, तुमच्या बरोबरीनं मेंढरं राखलेले, खाली बघून म्हणाले, "व्हय शेठ. सगळ्यांचाच."

सावड फेडायची तर आपल्या हातानं. हे तो विसरला नव्हता, एवढं मी त्याच्या बाजूनं सांगते. म्हातारबांच्या कातरणीला तो तुमची जुनी कातर घेऊन, धोतर नेसून आला. चालत आला. त्याला बघितल्याबरोबर म्हातारबांच्या सुनेनं पळत जाऊन प्लास्टिकची खुर्ची आणली. "आवं, तुमी कशाला हात घान करताय? बसा की." तो म्हणाला, मी कातरायला आलोय. त्यांना वाटलं, शेठ रागावलेत. आणखी एक खुर्ची आणली, पाय ठेवायला. सगळी वस्ती मांडी घालून मेंढरांशी झोंबतेय आणि तो खुर्चीवर, मांडीवर कातर. एकानं एक मेंढरू त्याच्यापुढं आणून धरलं, तेही आधीच कातरलेलं. त्यानं उगाच राहिलेल्या दोनचार बटा उडवल्या आणि उठून गेला. मला त्या दिवशी हसू आलं नाही. पण दयाही आली नाही. पेरलं तेच उगवतं, कुरकुर कशाची?

आता कालचं. नदीत वाळू राहिली आहे ती फक्त माझ्या रानाच्या वळणाला. बाकी सगळी खरवडून नेली, खडक उघडा पडला. वाळू होती तोवर नदी वरनं कोरडी दिसली तरी पोटात पाणी धरायची. वाळू गेली तशा वरच्या वस्त्यांच्या विहिरी मेल्या, आता त्या टँकरची वाट बघतात. आपल्या वस्तीची विहीर जिवंत आहे ती त्या वळणामुळं. आणि तिथं यंत्र उतरवायचं तर वाट एकच, माझ्या रानातनं.

तो स्वतः आला. मागं डंपर, जेसीबी, चारसहा माणसं. मी वाटेत फतकल मारून बसले.

"आक्का, ऊठ. पोरांची कामं खोळंबल्यात."

"मग पोरांस्नी घरी धाड. ऊन लय हाय."

"तुला नवी हीर पाडून देतो. बोअर मारून देतो."

"पानी काय तुझ्या खिशातनं आननार हायस व्हय?"

"आडवी येऊ नगंस. लोक मला भित्यात, ठावं हाय नव्हं तुला?"

"ठावं हाय की. मीबी भिते. इंचवाला भिते, सापाला भिते. तुझं शेंबडं नाक पुसलंय मी, तुला कशी भिऊ?"

मागं एकजण फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. तुमच्या लेकानं वळून बघितलंसुद्धा नाही, नुसतं म्हणाला, "उचला हिला." दोघं पुढं आले आणि थांबले. जेसीबीवाल्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "शेठ, आजीस्नी हात लावायला सांगू नगासा." मग तो स्वतः आला. माझ्या बगलेत हात घातले. आबा, तोही आता म्हातारा झालाय. साखर आहे, गुडघे गेलेत. जोर लावायला वाकला आणि वाकलेला तसाच माझ्याशेजारी मातीत बसला. माणसं धावली. "हात लावू नगासा!" ओरडला त्यांच्यावर. तिथंच थबकली सगळी.

त्याचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्यानं माझ्याकडं न बघता हात पुढं केला आणि हळू म्हणाला, "आक्का, हात दे. उठवंना."

मी म्हटलं, "आदी गाड्या माघारी लाव."

त्यानं मान हलवली नाही, मी हात दिला नाही. शेवटी दोन्ही हात मातीत टेकून, गुडघ्यावर रांगत, सगळ्यांच्या देखत तो एकटा उठला. कपड्यांची माती झटकली नाही. गाडीत बसला, त्याच्यामागनं बाकीच्या गाड्या वळल्या. जाताना म्हणाला, उद्या येतो. येऊ दे. आजही मी तिथंच असेन, आणि मघाशी भाकरी बांधून घेताना बघितलं तर म्हातारबा आणि त्यांची सून आधीच वाटेत येऊन बसले होते. बाईमाणसानं पाण्याच्या भांडणात तोंड घालायचं नाही, हे तुमचं मी तेव्हा ऐकलं. आता ऐकणार नाही. तुम्ही असता आणि पुढं येऊन उभे राहिला असता, तरी ऐकलं नसतं.

हे कुठं धाडायचं नाही, घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवीन. एकच गोष्ट आहे, ती कुणाला सांगितली नाही. त्यानं हात मागितला तेव्हा माझा हात आपसूक उठला होता. मी तो पदराखाली दुसऱ्या हातानं दाबून धरला. मनगट अजून दुखतंय.