मौनाच्या दिवशी आलेली हाक

प्रिय ओरेन,

पाठवायला पत्ता नाही, तरी लिहिते.

धुळीच्या पट्ट्यात अडकलेल्या यानांना रेडिओवरून वाट सांगायची, हे आमच्या मठाचं चार हजार वर्षांचं काम. वर्षातला एकच दिवस मौनाचा. त्या दिवशी यानं लांबच थांबतात. तू मात्र मला भेटायच्या घाईत निघालास. रेडिओच्या यंत्रावर मी एकटीच होते.

"ताई, काही दिसत नाही गं. डावीकडे वळू की उजवीकडे? एवढं सांग, मग बस पुन्हा मुकी होऊन!"

तू हसत होतास. मी ओठ घट्ट मिटून घेतले. तिसऱ्या हाकेला तू हसला नाहीस. चौथी हाक आलीच नाही.

मठमाता म्हणाल्या, "व्रत राखलंस, पोरी."

पुढे मीच मठमाता झाले. तुझा आवाज अजून येतो. बाकी कुणाला ऐकू येत नाही.

आज पुन्हा मौन होतं, आणि एका अनोळखी यानानं वाट विचारली. सगळ्यांसमोर मी बोलले, "उजवीकडे वळ, बाळा."

यान सुखरूप उतरलं. उद्या मला मठाबाहेर काढतील, त्याचं काही नाही. वाटलं होतं, आता तरी तू थांबशील. तू अजून विचारतोयस, आणि मी दर वेळी मोठ्यानं उत्तर देतेय.

तुझी ताई,
इल्साव