ड जागा

११ नोव्हेंबर

महापालिकेच्या आरक्षणाची सोडत निघाली. शाळेतल्या पोरांनी चिठ्ठ्या काढल्या आणि माझा निकाल लागला! चिखलीच्या आमच्या प्रभागात चार जागा. अ आणि ब महिलांच्या — पण एक अनुसूचित जातीला, एक ओबीसीला. मी पडले ओपनमधली. उरल्या क आणि ड. सर्वसाधारण.

बाहेर पडताना जो तो असा बघत होता, जसं काही मी कुणाच्या दहाव्याला आलेय. "कुसुमताई, वाईट झालं." अरे, काय वाईट झालं? सर्वसाधारण म्हणजे सगळ्यांना खुली. मी सगळ्यांत येत नाही? दोनदा निवडून आलेय! क आमच्याच जुन्या नगरसेवकाची ठरलेली. मी ड मागणार. मागणारच!

१४ नोव्हेंबर

नवनाथशेठकडे गेले. आमच्या भागातली पक्षाची तिकिटं तेच ठरवतात. चहा पाजला, गुडघ्याची विचारपूस केली. ड म्हटल्यावर हसायला लागले. "ताई, बायकांच्या जागा बायकांना दिल्या की. आता पुरुषांच्या पोटावर कशाला पाय देताय?" बसलेले सगळे खी खी करून हसले. मीही हसले! का हसले मी? स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटतेय.

निघताना म्हणाले, "तुमचं विधानसभेला बघू." ऐकून ऐकून कान किटले. मागच्या वेळी पण विधानसभाच होती. महिला आरक्षणाच्या वेळी दिल्लीला नेलं, फेटे बांधले, संसदेसमोर फोटो काढले. प्रदेशाची सरचिटणीस आहे म्हणे मी! लेटरहेड तेवढं मिळालं.

२ डिसेंबर

सकाळपासून पाण्याचे फोन. प्रशासक आल्यापासून मी कोणीच नाही, तरी टँकर मीच पाठवायचा. पाठवला.

३० डिसेंबर

मिळाली ड. दिग्विजयला. माझ्या पोराला!

मला सांगितलं कधी? आज, अर्जाच्या शेवटच्या दिवशी, तो निघताना. महिनाभर नवनाथशेठकडे जात होता आणि संध्याकाळी माझ्याच हातची भाकरी खात होता. म्हणतो, "आई, शेठच बोलले. तिकीट घरातच राहिलं ना!" ह्यांना तर आनंद मावेना. "आगं, पोराला मिळालं म्हंजे तुलाच मिळालं की. आता निवांत बस." निवांत! पंधरा वर्षं ड्रेनेजच्या झाकणांपासून शाळेच्या दाखल्यांपर्यंत मी पळायचं, आणि निवांत पण मीच बसायचं.

पोरानं वाकून नमस्कार केला. आशीर्वाद दिला. काय करणार?

४ जानेवारी

फ्लेक्स लागले. दिग्विजय केवढा मोठा, मी कोपऱ्यात हात जोडून. खाली 'आईचा आशीर्वाद'. विचारलं होतं का कुणी?

७ जानेवारी

आज गॅरेजच्या गल्लीत प्रचार. रोशनबी माझ्या पहिल्या निवडणुकीपासून बरोबर फिरलेली. आज दारातच उभी राहिली. "ताई, तुम्ही असत्या तर विचारायचंच नव्हतं. पण या टायमाला आमची फरहीन उभी आहे."

फरहीन तिची सून. नवऱ्याच्या गॅरेजशेजारी स्पेअरपार्टचं दुकान चालवते. अपक्ष! आणि तेही ड मध्ये!

मी चिडले. "अगं पोरी, डिपॉझिट जाईल तुझं. कुणी सांगितलं या फंदात पडायला?"

ती गिऱ्हाइकाला क्लचप्लेट दाखवत होती. मान वर करून म्हणाली, "गेलं तर गेलं, ताई. जागा सर्वसाधारण आहे, पुरुषांची थोडीच आहे? तुम्ही का नाही भरला अर्ज?"

मागे दिग्विजय, त्याच्याबरोबर फिरणारी पोरं, सगळे ऐकत होते. "चला, उशीर होतोय," म्हणत मीच पुढे निघाले.

८ जानेवारी

का नाही भरला? विचारायला काय जातंय तिचं! पोटच्या पोराविरुद्ध उभी राहिले असते तर भावकीनं दारात उभं केलं नसतं. मरेपर्यंत ऐकवलं असतं. आगाऊ पोरगी. दिवसभर डोक्यातून जात नाही.

१२ जानेवारी

मोठी सभा. नवनाथशेठ माईकवर: "पोरासाठी कुसुमताईंनी आपली हक्काची जागा सोडली! याला म्हणतात आई!" टाळ्याच टाळ्या.

सोडली? हिसकावून घेतली मेल्यांनी! आणि मी खाली मान घालून बसले, तर बायकांना वाटलं मला भरून आलंय. एकीनं पाण्याची बाटली दिली. दिग्विजय स्टेजवर पाया पडला. फोटोवाल्याचा फोटो हुकला म्हणून परत पडला.

१५ जानेवारी

मतदान झालं. केंद्राबाहेर शाईची बोटं दाखवत दिग्विजयनं दोघांचा फोटो काढून घेतला. म्हणाला, "आई, चारही बटणं नीट दाबलीस ना?"

नीट दाबली. अ, ब, क पक्षाला. ड फरहीनला.