दादानं बसवलेली चाकं

२ फेब्रुवारी, रविवार

आजही आरोही आली नाही.

वळसंगच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. काटा साठच्या वर गेला की सुरू. अण्णांचे हात कोपरापर्यंत हलत होते. आणि ब्रेक दाबला की कर्र… कर्र… कर्र! चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. अक्कलकोटात वहिनीच्या माहेरच्या गल्लीत शिरलो, तर ओट्यावरची माणसं उठून बघायला लागली.

वहिनी आरोहीला घेऊन दारातच उभी होती. पोरीची पिशवी भरून तयार. आठ दिवस सोलापूरला राहायचं ठरलं होतं. आवाज ऐकला आणि वहिनीनं पिशवी परत आत नेऊन ठेवली. ‘ताई, राग मानू नका. पण ह्या गाडीतनं मी पोरीला पाठवणार नाही.’

तिची आई, निंगव्वा, मागून कानडी-मराठी मिसळून म्हणत होती, ‘बर्री, कुंड्री. बसा की, चहा टाकते.’ कोण बसतंय? अण्णांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडी वळवली.

परतताना चाळीसच्या वर नेलीच नाही. मागचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून पुढे गेले. अण्णा एकदाच बोलले — ‘हुईल नीट.’

४ फेब्रुवारी

मिस्त्रीला नीट सांगता यावं म्हणून इथे लिहून बघते.

पुढच्या दोन्ही चाकांचे हब — चाक ज्याच्यावर बसतं ते — झिजले होते. गाडी जुनी, तसले हब मिळेनात. दादा म्हणाला, दुसऱ्या गाडीचे मोठे हब बसवू, ब्रेकच्या डिस्काही मोठ्या, ब्रेक झकास लागेल. चिंचोळीला कारखान्यात तो टर्नर. हब आणि डिस्कमधली फट भरायच्या रिंगा स्वतः लेथवर काढल्या. दिवाळीआधी सुट्टी मिळेल तसा गाडीखाली असायचा. मग डेंग्यू झाला. मग तो गेलाच.

सगळं उरकल्यावर कधीतरी अंगणात लक्ष गेलं. गाडी चारही चाकांवर उभी होती. मनात आलं, शेवटचं काम पुरं करून गेला माझा भाऊ.

एवढं मिस्त्रीला कशाला सांगायचं?

५ फेब्रुवारी, बुधवार

होटगी रोडच्या मोठ्या गॅरेजात नेली. आमच्या कपड्याच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी घेतली. युनिफॉर्मचा सीझन तोंडावर आलाय, कटिंगला माणूस कमी, सुपरवायझर कुरकुरला. कुरकुरू दे.

अलाइनमेंट झालं. बॅलन्सिंग झालं. फिरवून आणली — जैसे थे! तिथल्या पोरानं खाली वाकून बघितलं, बॅटरी मारली आणि हसला. ‘हे कुणी केलंय? त्याला परत गाडीला हात लावू देऊ नका.’

अण्णा शेजारीच उभे होते. मला वाटलं आता कानाखाली देतात. काही नाही. खाली मान घालून चपलेनं माती सारत राहिले.

मीच बोलले. ‘तो नाहीये आता.’

पोरगं गप्प झालं. पण ते वाक्य? ते कुठं गप्प होतंय!

९ फेब्रुवारी, रविवार

अक्कलकोट नाही. आईनं आरोहीसाठी केलेल्या शेंगापोळ्या आम्हीच खाल्ल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नई जिंदगी भागात मौलाली मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा माणूस, अण्णा मोहोळहून दुधाचा टेम्पो चालवायचे तेव्हापासूनची ओळख. शांतपणे ऐकून घेतलं. स्वतः चालवून आला. टायरॉड बघितले, बॉल जॉइंट बघितले, सगळं घट्ट. ब्रेकचे पॅड काढून घासले. आवाज तेवढ्यापुरता गेला, आसरा चौकापर्यंत जाऊन परत हजर!

मौलाली अण्णांना म्हणाला, ‘रावजी, हब खोलके देखना पडता. बाहेर से नै समजता.’

‘न्हाय.’

‘अरे, खोले बगैर—’

‘माज्या लेकाच्या हाताचं हाय ते. कुणी हात लावायचा न्हाय.’

आवाज एवढा चढला की पलीकडचा पंक्चरवाला बघायला लागला. मौलालीनं माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. मलाही पटलं होतं. दादानं आवळलेले नट आहेत ते. एकदा खोलले की दुसऱ्याच कुणाचे होणार.

१३ फेब्रुवारी

पण मग थरथर तशीच राहणार. हे काय चाललंय आमचं?

२३ फेब्रुवारी, रविवार

एसटीनं गेले अक्कलकोटला, एकटीच. अण्णांना चल म्हटलं तर म्हणाले, ‘गाडी घरात असताना यष्टीनं जायाचं?’ हट्ट! नुसता हट्ट!

आरोही मांडीवरून उतरेना. मध्येच विचारते, ‘आत्या, पप्पांची गाडी ओरडते का अजून?’ वहिनीनं तिला आत पाठवलं. मग हळूच म्हणाली, ‘लोक काय म्हणतात ठाऊक आहे? इंद्रजीतनं स्वतःच्या हातानं गाडीची वाट लावली. इथं आमच्या शेजारचा ड्रायव्हर म्हणत होता. ताई, नवऱ्याबद्दल मला ते ऐकवत नाही. त्यापेक्षा ती गाडी दारात येऊच नये.’

म्हणजे ती गाडीला भीत नाही. किंवा तेवढ्यालाच भीत नाही.

२ मार्च, रविवार

मौलालीनं पुढची चाकं मागे आणि मागची पुढे घालून बघितली. मागची त्याच मापाची होती म्हणून बरं. म्हणजे चाकातच दोष असेल तर थरथर मागे जाईल, सीटखाली लागेल. आजपासून त्याचे रोजे, तरी रविवार असून आला.

थरथर स्टिअरिंगलाच! म्हणजे चाकं बरी आहेत. टायर बरे आहेत. ‘ताई, चक्का नै. अंदर का मामला है.’

आत म्हणजे दादानं केलेलं.

आज पहिल्यांदा मनात आलं आणि तेव्हापासून जात नाही. दादा चुकला असेल तर? कारखान्यात सगळे नाव काढायचे त्याचं. साहेबसुद्धा अवघड काम त्यालाच द्यायचे म्हणे. आणि स्वतःच्या घरच्या गाडीत असं करून ठेवलं? आमच्याकडे त्याचं उरलंय काय? दोन शर्ट, एक मोबाईल, आणि हे. आणि हेच वाईट निघावं!

१० मार्च, सोमवार

आई म्हणाली, ‘इका ती गाडी.’

अण्णा जेवता जेवता थांबले.

‘इका म्हणते. मी केर काढाया भाईर गेले की मला तिच्याखाली त्याचं पाय दिसत्यात. पँट वर सरकलेली. रोज दिसत्यात. लई झालं आता.’

अण्णा ताटावरून उठले. हात धुऊन बाहेर गेले. आई ताटाकडे बघत बसली आणि मी दोघांकडे.

१८ मार्च, मंगळवार

वहिनीचा फोन. आरोहीचं नाव तिथल्याच शाळेत घालणार, जूनपासून. ‘तिकडं येऊन करू तरी काय, ताई?’ मी म्हटलं, विचार कर. ती म्हणाली, केलाय.

अण्णांना सांगितलं. म्हणाले, ‘बरं.’ नंतर गाडीवरची धूळ पुसत होते. पुसलेलीच परत पुसत होते.

काही व्हायचं नाही आता. ना गाडीचं, ना घराचं.

२२ मार्च, शनिवार

अण्णा भावकीत मोहोळला गेलेत. चावी खुंटीला होती. घेतली आणि गाडी मौलालीकडे नेली. म्हटलं, खोला.

‘रावजी?’

‘मी सांगतेय ना.’

आधी उजवं. चाक निघालं, डिस्क निघाली. मौलालीनं फडक्यानं हब पुसला आणि तसाच बसून राहिला. रिंग अशी बसलेली की नखाला सांधा लागेना. त्यानं घड्याळासारखा डायल लावून हब हातानं फिरवला. काटा जागचा हलला नाही. ‘माशाअल्ला. क्या हाथ था.’ रोजा होता, ओठ सुकलेले, तरी दोनदा म्हणाला. मला रडू आलं. बरं वाटून आलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

मग डावं.

डाव्याला रिंगच नव्हती. डब्याच्या पत्र्याची पट्टी वाकवून कोंबलेली. हबच्या तोंडावर गंज तसाच, त्यावरच डिस्क दाबून आवळलेली, म्हणून ती वाकडी फिरत होती. ब्रेकचा सांगाडा बसवायला वायसर घातलेले, एक जाड, एक पातळ. सांगाडा तिरका झालेला, डिस्क तिथेच घासत होती. कडेला चकचकीत चरा पडलाय. डायल लावला तर काटा नाचायला लागला.

मौलाली नुसता पत्र्याची पट्टी उलटसुलट करत राहिला. नंतर म्हणाला, ‘ये गाडी चलाना नै, ताई. ऐसीच छोडके जाओ.’

रिक्षानं घरी आले. रस्ताभर एकच. दादानं डावं तापात केलं असणार. अंगात ताप होता, हात कापत असतील, रिंग हरवली असेल, दुसरी काढायला कारखान्यात जाता आलं नसेल. तरी गाडीखाली शिरला. आणि घरात कुणी त्याला थांबवलं नाही. मीसुद्धा नाही.

२३ मार्च, रविवार

व्हायचं ते झालं.

अण्णा सकाळी आले, अंगणात गाडी नाही बघून माझ्याकडे वळले. मी सगळं सांगितलं. उजवं कसं निघालं, डावं कसं निघालं. मग राहवलं नाही. ‘त्याला ताप होता अण्णा! तापात केलंय ते त्यानं. तुम्ही घरीच होतात. दिसलं नाही तुम्हाला? उठ म्हणून नाही सांगता आलं?’

अण्णा खांबाला धरून उभे.

तिथेच थांबायला हवं होतं मी. नाही थांबले. जे कधी बोलले नव्हते ते बोलले. दादा गेला त्या दिवशी सकाळी त्याचा ताप उतरला होता, आम्ही सगळे खूश. कपडे आणतो म्हणून अण्णा दवाखान्यातून घरी गेले. दुपारी दादाला एकाएकी जास्त झालं. ‘अण्णा कुठायत’ म्हणून विचारत होता. मी फोनवर फोन केले. उचलला नाही. आले तेव्हा सगळं संपलं होतं. आणि कपडे आणायला गेलेल्या माणसाच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती!

‘कुठं होतात तुम्ही?’ मी ओरडले. ‘कुठं होतात?’

आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

 

२६ मार्च

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. मौलालीचा फोन आला होता, काय करायचं गाडीचं? सांगते म्हटलं. काय सांगणार?

३० मार्च, रविवार

पाडवा. आमच्याकडे गुढी नाही. गल्लीत सगळ्यांच्या आहेत. आरोहीनं फोनवर विचारलं, आजोबा कुठायत? अण्णांनी लांबूनच हात हलवून नाही म्हटलं.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी अण्णा न सांगता निघाले. मी मागोमाग गेले. अण्णा मौलालीकडे गेले, उघड्या डाव्या चाकापुढे खाली बसले. पत्र्याची पट्टी उचलली आणि माझ्याकडे न बघता बोलले. ‘उजवंच त्येचं हाय. डावं मी बसवलं. त्या दिशी. डाक्टर म्हनले हुते की, ताप उतारलाय, उद्या घरी न्या. घरी आलो तर गाडी एका चाकापायी अडलेली. त्येची रिंग हुडकली, गावली न्हाय. मग जमंल तसं केलं. फोन ओट्यावर हुता, गाडीखाली काय ऐकू येना.’

मग पट्टी खाली ठेवली —

‘ॲम्बुलन्समदनं आणायचं न्हवतं गं त्येला. आपल्या गाडीतनं आणायचं हुतं.’