आत्याबाईंच्या नावे ॲस्पॅरागसचा वाफा

मी, अवंती बळवंतराव ढमढेरे, वय वर्षे पंचवीस, शिक्षण बी.एस्सी. (कृषी), राहणार अमझेरा रस्ता, धार, हे मृत्युपत्र स्वतःच्या समजुतीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि माझे डोके ठिकाणावर आहे. गेल्या वर्षीच्या गौरींना ते ठिकाणावर नव्हते. त्याबद्दल कलम पाचमध्ये लिहिले आहे.

येत्या सोमवारी इंदूरला माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. तरीही मी हे लिहीत आहे, आणि लिहिताना मला लाज वाटते. आईने कागदावरचे शीर्षक पाहिले आणि ती पोळ्या लाटायला गेली. पण मी लावलेला ॲस्पॅरागसचा, म्हणजे कोवळे कोंब खायच्या विलायती भाजीचा, वाफा नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो, आणि तो कसा सांभाळायचा हे घरात माझ्याखेरीज कोणाला पुरते ठाऊक नाही. कोणाला ठाऊक नाही याला कारण मीच आहे.

कलम १. बँकेत जे काही असेल ते आणि माझी स्कूटी आईला द्यावी. आई चालवायला शिकणार नाही म्हणते. तिने शिकावे.

कलम २. मोबाइल आणि पुस्तके धाकट्या भावाला, अभिषेकला. मराठी पुस्तके त्याने विकू नयेत. हिंदी शाळेमुळे त्याला मराठी अडखळत वाचावे लागते, म्हणूनच ती त्याच्याकडे राहावीत.

कलम ३. माझी पदवी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेले नाही, म्हणून बाबांनी ती चौकटीत घालून बैठकीत लावली आणि दूधवाल्यालाही दाखवली. ती उतरवा असे मी म्हणणार नाही, बाबांचा जीव आहे तिच्यात. मात्र हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्यावर एखादा टॉवेल टाकावा. बायकांसमोर तिने लटकत राहावे अशी तिची लायकी मी ठेवलेली नाही.

कलम ४. शेजारचे तरुणभिया पाटीदार. वाफ्यात पहिल्यांदा हिरवा पिसारा फुटला तेव्हा हे कुंपणावरून ओरडले होते, "काय गं अवंती, बी.एस्सी. करून झाडू लावला काय? दिवाळीपर्यंत दोन मला पण दे!" तेव्हापासून सगळा मोहल्ला आमच्या मळ्याला झाडूवाला मळा म्हणतो. तरुणभियांना पहिल्या तोडणीतली एक जुडी द्यावी. कोंब लोण्यात परतून, मीठ घालून, त्यांच्या तोंडात जाईपर्यंत कोणीतरी समोर उभे राहावे. बाकी त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. पुढच्या कलमातली एक गोष्ट मला त्यांच्याकडूनच कळली.

कलम ५. घरामागचा ॲस्पॅरागसचा संपूर्ण वाफा, कुंपण, पाण्याचा पाइप आणि माझ्या खुरप्यासह, मी माझ्या आत्याबाई, श्रीमती शशिकला जगदाळे, यांच्या नावे करत आहे. त्या सध्या देवासला धाकट्या काकांकडे राहतात. गेल्या वर्षीच्या गौरींपर्यंत त्या आमच्याकडेच राहत होत्या.

कारण लिहिणे भाग आहे. ज्यांनी त्या गौरींचा प्रसंग पाहिला त्यांना, त्या दिवशी दिसले तेवढीच मी आहे, असे वाटले असेल, आणि त्यांचे चुकले असे मला म्हणता येत नाही.

आम्ही हा वाफा लावला तेव्हा चर खणायला आत्याबाई माझ्याबरोबर होत्या. काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजतात, म्हणून वाळू आणि शेणखत मिसळून आम्ही चरात मधोमध उंचवटा केला. त्यावर ॲस्पॅरागसचे गड्डे, म्हणजे मुळांचे झुबके, ठेवले आणि त्यांची मुळे दोन्हीकडे पसरली. आत्याबाई म्हणाल्या, "कोळी बसलाय बघ पाय पसरून." मग कोंब वर येतील तशी थोडी थोडी माती ओढत गेलो. पहिली दोन वर्षे कोंब खायचे नसतात, ते वाढून त्यांचा पिसारा होऊ द्यायचा आणि गड्ड्यांना जोर धरू द्यायचा असतो. घरच्यांना धीर निघणार नाही असे वाटून मी पाटी लावली: कोंब तोडू नयेत.

मग गेल्या वर्षीच्या गौरी आल्या. संध्याकाळी मी बाहेरून आले तर बैठकीत बायका हळदीकुंकवाला बसलेल्या, आणि गौरींच्या मागे हिरवीगार, धुक्यासारखी आरास. माझा सगळा पिसारा. वाफा जमिनीलगत भादरलेला.

मी चपलाही काढल्या नव्हत्या. भरल्या बैठकीत म्हणाले, "आत्याबाई, हे काय केलंत? त्या पानांवरच मुळं जगतात! चार बुकं शिकला असतात तर कळलं असतं तुम्हाला."

ज्या बाईने धाकट्या भावांना सांभाळण्यासाठी पाचवीत शाळा सोडली, त्यांना मी हे म्हणाले. मला इंदूरला शिकायला ठेवण्यासाठी बाबांशी त्याच भांडल्या होत्या. "पोरगी शिकेल. तुला नसेल जमत तर मी पापड लाटून शिकवीन." हे त्यांचे वाक्य मी स्वतः दाराआडून ऐकले होते.

त्या एवढेच म्हणाल्या, "बरं हो, मॅडम." मग ओट्या भरल्या, सगळ्यांना प्रसाद दिला. गौरींची बोळवण झाली त्याच दुपारी त्यांनी देवासची बस धरली. यंदाच्या गौरींनाही त्या आल्या नाहीत.

बायका गेल्यावर मी कंदील घेऊन वाफ्यात गेले. पाटीवर माझ्याच अक्षरात लिहिले होते, कोंब तोडू नयेत. त्या दिवसांत उगवलेले दोन-तीन कोवळे कोंब तसेच उभे होते. त्यांच्याभोवती आत्याबाईंनी काट्याकुट्यांचे कुंपणसुद्धा केले होते. पाने तोडू नयेत हे मी कोणालाच सांगितले नव्हते. मला माहीत होते म्हणून सगळ्यांना माहीत असणार, असे मी धरून चालले होते.

तरुणभियांची बायको त्या दिवशी हळदीकुंकवाला होती. भिया मला पुढे म्हणाले, "तुझी आत्या एकेकीला हात धरून सांगत होती गं, ये विलायती है, आमच्या अवंतीनं लावलंय." मी यायच्या आधी तासभर त्या माझेच कौतुक करत होत्या.

मी माफीसाठी फोन केला नाही असे नाही. केला होता. त्यांनी उचलला की मी तब्येत विचारत असे आणि ठेवून देत असे.

कलम ६. वाफ्याची निगा. अर्धे गड्डे त्यानंतर गेले. उरलेल्यांना यंदा बारीक कोंब आले, म्हणून येत्या वसंतातही तोडणी करू नये, त्याच्या पुढच्या वसंतात करावी. तीही थोडे दिवस; कोंब पेन्सिलीहून बारीक येऊ लागले की थांबावे. तण हाताने काढावे, खुरपे खोल घालू नये. उन्हाळ्यात सोयाबीनचा भुसा पसरून पाणी द्यावे. थंडीत पिसारा आपोआप पिवळा पडतो, तेव्हाच तो जमिनीलगत कापावा.

मात्र गौरींसाठी दर वर्षी प्रत्येक झाडाची एक हिरवी फांदी काढण्याचा आत्याबाईंना हक्क राहील. एका फांदीने झाड मरत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि तेव्हा तेवढेच सांगायला हवे होते.

कलम ७. वकीलसाहेबांनी बजावले आहे की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केल्यास त्याच्यासाठी ठेवलेले त्याला मिळायचे नाही. म्हणून साक्षीला तरुणभिया आणि समोरचे निवृत्त मास्तर दत्ताजी सुपेकर यांना बोलावले आहे. तरुणभियांनी जुडीवर पाणी सोडले आहे. म्हणाले, "झाडू कोण खातंय!"

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सहीच्या वेळची नोंद: बाबांनी देवासला फोन केला होता हे मला माहीत नव्हते. आज सकाळी आत्याबाई पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. अभिषेकला म्हणाल्या, "काय लिहिलंय मॅडमनी, वाच." तो अडखळत वाचू लागला. "नीट वाच रे. खताची जाहिरात आहे का ती?" कलम पाच त्यांनी दोनदा वाचायला लावले. मी खाली बघत होते.

मग त्या सहीला बसलेल्या मास्तरांना म्हणाल्या, "दत्ताजी, सरका." आणि पेन मागितले.

अभिषेक म्हणाला, "आत्याबाई, तुम्ही सही केली तर वाफा तुम्हाला नाही मिळणार."

"ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून."

त्यांनी सही केली आणि खाली दोन ओळी लिहिल्या. वाफ्याचे कलम आता बाद झाले, असे वकीलसाहेब फोनवर म्हणाले. नवीन कागद करू का, असेही त्यांनी विचारले. मी आत्याबाईंकडे पाहिले आणि नको म्हणाले.

स्थळ: धार
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: अवंती बळवंतराव ढमढेरे

साक्षीदार:
१. तरुण पाटीदार
२. शशिकला जगदाळे
वाफा तुझा तू बघ. पुढच्या गौरींना फांद्या लागतील, त्या तू कापून दे.